पावसात डिस्क गोल्फ खेळायचं तर आधी हात कोरडा हवा

ऑक्टोबर लागला की आमच्या डिस्क गोल्फच्या ग्रुपवर नवे खेळाडू हमखास विचारतात, "आता थेट मे महिन्यातच भेटायचं ना?" नाही! अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, आमच्या पोर्टलंडचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यावर मुक्कामाला येतो तो मेपर्यंत हलत नाही. त्याला घाबरून घरी बसलं तर वर्षातले जेमतेम चार-पाच महिने हाती उरतात. एवढा छान खेळ, तोही बहुतेक बागांमध्ये फुकट, केवळ भिजायला नको म्हणून सोडून द्यायचा हे मला पटत नाही. पोर्टलंडजवळच्या बीव्हरटन-हिल्सबरो भागातली काही मराठी मंडळी यंदाच्या उन्हाळ्यात खेळायला लागली आहेत, आणि आता पहिल्या पावसात त्यांची डिस्क हातातून सटकायला लागली आहे. मुख्यतः त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

खेळ ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गोल्फसारखाच खेळ, पण काठी-चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क. टी पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चौथऱ्यावरून फेकायची, पडली तिथून पुढे फेकायची, आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये कमीत कमी फेकींत टाकायची. पहिलं कायमचं मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी उभं केलं, आणि साखळ्यांची बास्केटही त्यांचीच कल्पना. डिस्क म्हणजे लहानपणी समुद्रावर खेळायचो ती फ्रिस्बी नव्हे. ही लहान असते, साधारण २१ सेंटीमीटर व्यासाची, पण दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाची, आणि लांब जाणाऱ्या डिस्कची कडा चांगली रुंद आणि धारदार. पावसातली सगळी भानगड या कडेपाशीच आहे.

मी रत्नागिरीची. त्यामुळे पहिल्या वर्षी इथल्या लोकांच्या पावसाच्या गप्पा ऐकून मला आश्चर्य वाटायचं. पोर्टलंडला वर्षभरात मिळून नव्वद-पंच्याण्णव सेंटीमीटर पाऊस पडतो. जवळपास तेवढा मुंबईत एकट्या जुलैत कोसळतो. पण खेळाच्या दृष्टीनं इथला पाऊस जास्त चिवट. आपल्याकडे सर येते, झोडपून जाते, मग तासभर उघडीप मिळते. इथे दिवसभर भुरभुर. तापमान पाच-सात अंश. भिजल्यासारखं वाटत नाही, आणि तासाभरानं बघावं तर बोटं बधिर झालेली, टॉवेल ओला, बॅगेच्या तळाशी पाणी. मुसळधार पावसात माणूस आपणहून आडोशाला जातो. भुरभुरीत तो खेळत राहतो आणि हळूहळू सगळंच ओलं होऊन बसतं. म्हणून इथे तयारी घरातून निघतानाच लागते.

तयारीत पहिला मान टॉवेलचा. एक नाही, किमान तीन. इथले खेळाडू मायक्रोफायबरचे छोटे टॉवेल वापरतात, ते वाईट नाहीत, पण माझा भरवसा साध्या सुती पंचावर. आईनं पाठवलेले दोन पंचे मी मधोमध कापून चार तुकडे केलेत. पंचा पातळ असतो, पाणी पटकन ओढतो, पिळला की पुन्हा कामाला येतो, आणि घडी खिशात मावते. नवा पंचा मात्र आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, कांजी निघेपर्यंत तो पाणी नुसतं पसरवतो. आणि कुठलाही टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याचा थर धाग्यावर बसला की टॉवेल मऊ लागतो पण टिपत नाही.

या तुकड्यांची कामं मी वाटून दिलीत. एक फक्त चिखलासाठी, तो कमरेला बाहेर लटकतो. दुसरा डिस्क पुसायला. तिसरा हातांसाठी, आणि याला डिस्क लावायचीच नाही. चौथा झिपच्या पिशवीत बंद, निम्मा खेळ झाल्यावर उघडायचा. डिस्कचा तुकडा कोरडा राहावा म्हणून तो मोठ्या छत्रीच्या आत, काडीला चिमट्यानं अडकवते. कपडे वाळत घालायचे साधे चिमटे पुरतात. छत्री उघडली की टॉवेल डोक्याशी, पावसाबाहेर, हात वर केला की मिळतो. ही युक्ती मला आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमननं शिकवली. उभं आयुष्य याच पावसात टपाल वाटत फिरलेला माणूस. ओल्या हवेबद्दल त्याचा शब्द मी खाली पडू देत नाही.

आता प्रत्यक्ष फेक. समजा पिअर पार्कमध्ये उभे आहात. सेंट जॉन्स भागातली ही बाग, अठरा होल, आणि सगळीकडे डग्लस फरची उंचच उंच झाडं. या झाडांखाली पाऊस थांबला तरी अर्धा तास पागोळ्या गळतच असतात. आपली पाळी यायच्या आधी, आधीचा खेळाडू फेकत असतानाच, कामाला लागायचं. नियमानं पाळी आल्यावर फेकायला ३० सेकंद मिळतात. ओल्या दिवसात ती पुसापुशीत घालवली की घाई होते.

डिस्क बॅगेतून काढून आधी तिची खालची बाजू पुसायची. कडेच्या आतल्या भिंतीवर, जिथे चार बोटं आवळली जातात, तिथे पाण्याची बारीक रेघ साचलेली असते आणि ती वरून दिसत नाही. बोटाला टॉवेल गुंडाळून ती रेघ पूर्ण गोल फिरवून टिपायची. मग वरच्या बाजूला अंगठा टेकतो तेवढी जागा. बाकीची डिस्क ओली राहिली तरी फारसं बिघडत नाही. मग डिस्क काखेत धरायची, जाकिटाच्या आत. आता हात पुसायचा, तळवा नव्हे, बोटांची टोकं आणि अंगठ्याचा गर. तर्जनी आणि अंगठा यांच्या चिमटीतूनच डिस्क शेवटच्या क्षणी सुटते, म्हणून तिथे थेंबही नको. त्यावर मातीची पूड भरलेली छोटी कापडी पुरचुंडी मिळते, ती एकदा दाबायची. पूड लावायची ती कोरड्या बोटांवर. ओल्यावर लावलीत तर तिचा चिखल होतो आणि पकड आणखीच जाते. पुरचुंडी कायम झिपच्या पिशवीत ठेवा, एकदा भिजली की त्या दिवसापुरती ती संपली.

आणि मग जोर कमी करा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी ऐकलं जाणारं.

हात फिरवताना डिस्क बाहेर निसटू पाहते आणि तिला धरून ठेवायला लागणारी ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग १० टक्के कमी केलात तर बोटांवरची ओढ जवळपास २० टक्क्यांनी उतरते. ओल्या बोटांना नेमकी हीच सवलत हवी असते. उलट आपण काय करतो? डिस्क एकदा सटकली की पुढच्या वेळी मूठ आणखी आवळतो, खांदा कडक होतो, मनगट अडकतं. उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये, म्हणजे हात अंगासमोरून डावीकडे नेऊन केलेल्या फेकीत, डिस्क लवकर सटकली तर डावीकडे झाडांत जाते. घाबरून धरून ठेवली तर उशिरा सुटून उजवीकडे जाते. खेळाडू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे शोधत फिरायला लागला की ओळखावं, पकडीवरचा त्याचा विश्वास गेलाय. त्यावर उपाय एकच, तीन-चतुर्थांश जोरानं, गुळगुळीत फेक.

जोर कमी म्हटल्यावर डिस्कही बदलायला हवी. रुंद कडेचे वेगवान ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब जाणाऱ्या डिस्क, हवेत सरळ जायला भरपूर वेग मागतात, तो मिळाला नाही तर लवकरच डावीकडे वळून आपटतात. रुंद कडा ओल्या बोटांत नीट बसतही नाही. पावसात मी मोठे ड्रायव्हर घरी ठेवते आणि बॅगेत पाच-सहाच डिस्क नेते : एक-दोन फेअरवे ड्रायव्हर (जरा कमी वेगाचे), दोन मिडरेंज (मधल्या पल्ल्याच्या), दोन पटर (बास्केटजवळून टाकायचे). कमी डिस्क म्हणजे पुसायलाही कमी. एरवी ड्रायव्हरनं एका फेकीत गाठायची ती बास्केट मिडरेंजनं दोन फेकींत गाठली तर पावसाळी दिवसात कुणी तुमच्या पुढे गेलेलं नसतं, कारण बाकीचे झुडपांत असतात.

प्लास्टिकबद्दल खेळाडूंमध्ये वाद आहेत. माझं मत असं : महागड्या, चकचकीत, पारदर्शक प्लास्टिकच्या डिस्क थंडीत कडक होतात आणि ओल्यावर काचेसारख्या निसटतात. स्वस्तातलं साधं प्लास्टिक झाडावर आपटून लवकर झिजतं, पण तोच खरबरीतपणा पावसात उपयोगी पडतो. इनोव्हा कंपनीच्या डीएक्स या साध्या प्लास्टिकच्या प्रकारातली वापरून जुनी झालेली मिडरेंज असेल तर ती फेकून देऊ नका, हिवाळ्यासाठी ठेवा. रंगाचाही विचार करा. नोव्हेंबरात इथल्या बिगलीफ मेपलची पिवळी-तपकिरी पानं जमिनीभर पसरतात, एकेक पान डिस्कपेक्षा मोठं. ओली डिस्क सपाट येऊन घसरली की थेट पानांखाली शिरते. पिवळी किंवा नारिंगी डिस्क मग पायाखाली असूनही दिसत नाही. निळी किंवा गडद गुलाबी बरी. आणि डिस्क पडल्यावर नुसतं बघत राहू नका, जवळचं एखादं झाड खूण म्हणून धरा आणि नजर न हलवता तिकडे चालायला लागा.

पायांबद्दल आता. माझ्या लेखी पावसात हाताखालोखाल पाय, आणि धोक्याच्या बाबतीत तर हातापेक्षा आधी पाय. सिमेंटच्या टी पॅडवर फरच्या सुया, बारीक शेवाळ आणि आधीच्या खेळाडूच्या बुटाचा चिखल, असा थर बसलेला असतो. त्यावर धावत येऊन पुढचा पाय रोवला की गुडघ्याला पीळ बसायला क्षण पुरतो. पहिलं काम म्हणजे बुटाच्या कडेनं पॅड झाडून घ्या. दुसरं, बुटाचा तळ पॅडच्या काठावर खरवडा. तिसरं, धावणं सोडा. रन-अप घेतलाच पाहिजे असा नियम कुठेही नाही. जागेवर उभं राहून, पाय खांद्याएवढे फाकवून, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर नेत फेकलं तरी अंतर वाटतं तेवढं कमी होत नाही. एक पाऊल टाकून फेकणं हा मधला मार्ग. तोही पॅड खरोखर खडबडीत असेल तरच.

बूट खोल खाचांचे, डोंगरात चालायचे. पाणी आत न शिरणारे असले तर उत्तम, पण घोट्यावरून पाणी आत आलं तर तेच बूट पाणी बाहेरही जाऊ देत नाहीत. म्हणून पोस्टमनकाकांचा नियम मी पाळते : लोकरीचे मोजे घालायचे आणि एक जोड कोरडा बॅगेत ठेवायचा. नवव्या होलनंतर बाकावर बसून मोजे बदलले की जणू खेळ नव्यानं सुरू होतो. जीन्स नको, सुती टीशर्टही नको. दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि अंग गार पडतं. जाकीट खांद्यात सैल हवं, बाही मनगटाशी घट्ट. टोपड्याऐवजी पुढे झाप असलेली टोपी घाला. हात मागे नेताना मान वळते, तेव्हा टोपडं जागच्या जागी राहतं आणि डोळ्यांसमोर कापडच येतं. चष्मेवाल्यांना तर टोपीची झाप हवीच. फेकायच्या हातासाठी मी जाकिटाच्या खिशात गरम होणारी पुडी ठेवते. दोन फेकींच्या मध्ये हात तिथेच. बधिर बोटांना डिस्क कधी सुटली तेच कळत नाही.

पट करताना, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकताना, एक पटर वेगळा ठेवा, जो दुसऱ्या कशासाठीच वापरायचा नाही. माझा जाकिटाच्या आत, पोटाशी असतो. बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर डिस्क सोडल्यावर तोल सावरलेला दाखवावा लागतो, पुढे पाऊल टाकून चालत नाही. चिखलात हे एरवीपेक्षा अवघड, म्हणून पाय थोडे जास्त फाकवून, गुडघे वाकवून उभं राहा. वारा नसेल तर नेमही नेहमीचाच ठेवा. डिस्क बास्केटमधून उचलताना साखळ्यांचं पाणी तिच्यावर आणि तुमच्या बाहीवर गळतं, त्यामुळे ती तिथल्या तिथे पुसूनच आत ठेवायची.

डिस्क डबक्यात पडली तर नियम तुमच्या बाजूनं आहे. पावसाचं साचलेलं पाणी पायाखाली आलं तर बास्केटच्या सरळ रेषेत मागे, पहिल्या कोरड्या जागेपर्यंत जाता येतं आणि त्याचा दंड पडत नाही. मात्र बास्केटच्या जवळ सरकायचं नाही. नव्या खेळाडूंना हे ठाऊक नसतं आणि ते बिचारे घोटाभर पाण्यात उभे राहून फेकतात.

आता एका गोष्टीसाठी माझा आग्रह आहे. पावसात मैदानाची काळजी घ्या. इथल्या बहुतेक बागा सार्वजनिक आहेत, तिथे मुलं खेळतात, लोक कुत्री फिरवतात. भिजलेल्या जमिनीवर शंभर माणसं एकाच वाटेनं गेली की गवत जातं, माती वाहते, झाडांची मुळं उघडी पडतात, आणि मग तीच मुळं उन्हाळ्यात ठेचा लावतात. टी पॅड आणि बास्केटच्या भोवती जो लाकडाचा चुरा टाकलेला दिसतो, तो स्वयंसेवक ढकलगाड्यांनी आणून पसरतात. त्यावरूनच चाला. फेअरवे, म्हणजे टी पॅडपासून बास्केटपर्यंतची वाट, पार राड झाला असेल तर कडेनं जा, किंवा त्या दिवशी दुसरीकडे खेळा. आणि चुरा पसरायला रविवारी बोलावलं की या. फावडं मारायला दोन हात पुरतात, मोठा खेळाडू असावं लागत नाही.

मैदान निवडतानाही हवा बघून निवडा. पिअर पार्कची झाडं पाऊस आणि वारा दोन्ही अडवतात, म्हणून शांत, भुरभुरत्या दिवशी तिथेच जावं. फेअरव्ह्यूचं ब्लू लेक मोकळं आणि लांब. हिवाळ्यात कोलंबिया नदीच्या घळीतून पूर्वेचा वारा सुटला की तिथे हलकी डिस्क पाचोळ्यासारखी उडते. एस्टाकाडाजवळचं मायलो मॅकआयव्हर, क्लॅकमस नदीकाठचं, इतकं देखणं की पावसात एकदा तरी जाच, पण दिवस लवकर धरा. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं.

पण वाऱ्याचा जोर वाढला तर पिअर पार्कमध्येही थांबू नका. भिजून जड झालेल्या फरच्या फांद्या कसलीही चाहूल न देता वरून येतात, आणि त्या आपल्या माडाच्या झापांपेक्षा कितीतरी जाड असतात. वरून कडकड ऐकू आली की डिस्क शोधत बसायचं नाही, उघड्यावर यायचं. विजांचा गडगडाट पोर्टलंडला क्वचितच होतो. तो झालाच तर खेळ लगेच बंद करून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. उंच झाड, हातात छत्रीची दांडी, समोर लोखंडी बास्केट, यातलं काहीच तेव्हा जवळ नको. महाराष्ट्रात परतीच्या पावसात वीज पडून माणसं जातात. कोकणातल्या घरातून आलेल्यांना हे मी वेगळं सांगायला नको.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. बॅग पूर्ण रिकामी करा, उलटी करून टांगा. ओली बॅग गाडीच्या डिकीत दोन दिवस राहिली तर कुबट वास आणि बुरशी, दोन्ही धरते. डिस्क कोमट पाण्यानं धुऊन ताटाळ्यात उभ्या करून ठेवा, हीटरवर ठेवू नका. साधं प्लास्टिक उष्णतेनं वाकतं आणि मग डिस्क सरळ जात नाही. बुटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे, तासाभरानं ते बदलायचे. पंचे मी गरम पाण्यात धुऊन लगेच वाळत घालते, कारण शनिवारी खेळून आल्यावर रविवारी सकाळी पुन्हा तेच लागतात.